बंबाचा ॲक्सल

फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग फुटलं होतं आणि हमरस्त्यावरच्या एका गॅरेजपर्यंत मी गाडी कशीबशी आणली होती. हात कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले. खिशातला फोन थांबेना, तेव्हा गॅरेजच्या मिस्त्रीनेच तो काढून माझ्या कानाला लावला.

"घरी या," सासूबाई म्हणाल्या.

"बेअरिंग फुटलंय. उद्या निघतो. तिला द्या जरा फोन, एक विचारायचंय."

मागे शेजाऱ्यांचे आवाज येत होते. कुणीतरी खुर्ची सरकवली. मग सासूबाई म्हणाल्या, "गाडी तिथेच ठेवा आणि या हो. तिला आता फोन देता येत नाही."

मिस्त्रीलाही ते ऐकू गेलं असावं. त्याने फोन बंद करून परत माझ्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि काखेत हात घालून मला बाहेर काढलं. हात धुवायला डिझेल दिलं. रस्त्यावर उभं राहून एक टेम्पो थांबवला आणि मला पुढच्या सीटवर बसवलं. टेम्पो सुरू झाला तेव्हा एवढंच म्हणालो, "बोल्टना हात लावू नका. त्याचा पाना घरी आहे."

बायकोला फोनवर हेच विचारायचं होतं. तो पाना कुठे ठेवलाय.

कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली आणि परत उठली नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. बादलीत राहिलेले कपडे कुणीतरी वाळत घातले होते. मी पोचलो तेव्हा दोरीवर माझाच शर्ट होता. पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. लोक यायचे, बसायचे, काय बोलावं कळत नाही म्हणून पाणी मागायचे आणि जायचे.

आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही तिघं, मी, ती आणि तिची आई. गाडी मी चालवायची आणि गाडीचं बाकी सगळं तिने बघायचं, अशी आमची वाटणी होती. सुटे भाग आणायची ती, गॅरेजवाल्यांशी भांडायची ती. हत्यारांची पेटीही तिचीच. गाडीत ठेवलेली हत्यारं थांब्यावर चोरीला जातात, म्हणून चार नेहमीचे पाने गाडीत आणि बाकी सगळं घरी पलंगाखाली. मी वाटेतून फोन करायचा की अमुक बिघडलंय, आणि ती सांगायची की कुठला पाना, कुठून लावायचा. गाडीजवळ मी असायचो, पण गाडी तिला जास्त दिसायची.

मागचा ॲक्सल, म्हणजे मागची चाकं जोडणारा आस, मोडला तेव्हा नवीन घेणं जमणारं नव्हतं. ती भंगारवाल्यांकडे हिंडली आणि मोडीत काढलेल्या आगीच्या बंबाचा ॲक्सल घेऊन आली. त्याला बंबाचा लाल रंग तसाच होता. कुणी हसलं की म्हणायची, "गाडी पेटली तर आपली आपण विझवेल. तुमची विझवेल का?"

ॲक्सल चांगला निघाला. त्याचे बोल्ट तेवढे जगावेगळे. चाकाच्या मधोमध जे हब असतं त्यावर गोलात आठ बोल्ट. ते काढल्याशिवाय आतला दांडा निघत नाही, आणि दांडा निघाल्याशिवाय बेअरिंगला हात पोचत नाही. साध्या बोल्टचं डोकं सहा बाजूंचं असतं, पाना बाहेरून बसतो. या बोल्टचं डोकं गुळगुळीत गोल, आणि मधे भोक. भोकाला आतून बारा दात. तीन चौकोन एकावर एक थोडे थोडे फिरवून ठेवले तर कड दिसेल तशी. असले छोटे पाने मोटारवाल्यांकडे मिळतात, करंगळीएवढे. आमच्या बोल्टला लागतं ते अंगठ्याहून जाड माप मी कुठे पाहिलं नाही. तिच्याकडे मात्र एक होता. तो तिने कुठून मिळवला हे मी कधी विचारलं नव्हतं. मागितला की मिळायचा.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चांगला माणूस आहे. लोकांची ये-जा थांबल्यावर एक दिवस तो माझ्याजवळ येऊन बसला.

"भाऊजी, राग मानू नका. आईला मी घेऊन जातो."

"त्यांना विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? ताई होती तोवर ठीक होतं. आता जावयाच्या घरी ती कोणत्या नात्याने राहणार? आणि तुमची गाडी ती अशी. उद्या तुम्ही कुणाकडे तरी पगारावर लागणार, महिना महिना बाहेर. घराला कुलूपच ना?"

"गाडी दुरुस्त झाली की जवळच्या फेऱ्या घेईन."

"झाली तर," तो म्हणाला. "महिनाअखेर येतो मी. तोवर बघा."

तो गेल्यावर सासूबाई आतून बाहेर आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"तिसऱ्या मजल्यावर घर आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "मला वर न्यायला क्रेन आणणार आहे का? आणि वर जाऊन करायचं काय? दिवसभर टीव्हीला सोबत?"

"तुम्हाला जायचं नाही का, आई?"

"माझं सोडा. तुमचा तो पाना शोधा आधी."

पेटी ओढून उघडली, तर निम्मी रिकामी. मी पलंगाखाली, माळ्यावर, गाद्यांच्या मधे, सगळीकडे पाहिलं. पाना नाही. बाकीचीही बरीच हत्यारं नव्हती.

"देत सुटायची ती," सासूबाई म्हणाल्या. "अर्धी पेटी गल्लीत फिरतेय."

"मग आणून का देत नाहीत?"

"कशी देतील? माणूस गेलेल्या घरात शिरून 'ही घ्या तुमची पक्कड' म्हणायचं? जीभ रेटेल का कुणाची?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पायरीवर बैठक मारली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाठायला सुरुवात केली. "अहो शिंपी, आमची पक्कड कोटाला शिवून टाकलीत की काय?" "ए बाई, तुझ्या नवऱ्याने नेलेला जॅक अजून काही उचलतोय का गं?" मला आत बसून लाज वाटत होती. पण संध्याकाळपर्यंत घर भरलं. शिंपी पक्कड घेऊन आला. इस्त्रीवाली बाई दोन स्क्रू ड्रायव्हर पदरात गुंडाळून आली. पोस्टमनने हवेचा पंप आणला आणि बरोबर एक हातोडीही, जी आमची नव्हतीच. "असू द्या," म्हणाला, "मोकळ्या हाताने यायला बरं वाटेना."

हीच माणसं आधी येऊन गेली होती आणि गप्प बसून गेली होती. आता हातात काहीतरी होतं, त्यामुळे बोलता येत होतं. शिंपी सांगत होता, वहिनींनी माझ्या मशीनचा पट्टा कसा बसवून दिला; इस्त्रीवाली सांगत होती, माझ्या इस्त्रीची वायर कशी जोडली, आणि जोडताना मला किती बोलल्या. मी ऐकत होतो. यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. मी फेरीवर असताना ती काय करते असं मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं, घरी असते.

बारा दातांचा पाना मात्र कुणाकडेच नव्हता.

सगळ्यांत शेवटी कोपऱ्यावर लोखंडाचं कातकाम करणारा लेथवाला आला. रिकाम्या हाताने.

"दादा, माझ्याकडे तुमचं काही नाही. पण शिंपी म्हणाला, बारा दातांचं काहीतरी शोधताय."

"पाहिलंय का कुठे?"

"पाहिलंय काय, मीच केलंय. वहिनी दोन दिवस माझ्या डोक्यावर बसून होत्या. पहिला केला तो सैल झाला. म्हणाल्या, 'तुम्ही लेथ चालवता की पिठाची गिरणी?' दुसऱ्याला पास केलं."

मी उठून उभाच राहिलो. "मग अजून एक करा."

"माप कुठाय? तेव्हा ॲक्सल गाडीला बसला नव्हता, वहिनींनी सुटा बोल्टच आणून दिला होता. त्यात घालून बघत बघत घासला. तुम्ही पण बोल्ट आणा."

"बोल्ट निघत नाही म्हणून तर पाना हवाय."

"आणि बोल्टशिवाय मी पाना कसा करू?"

सासूबाईंना हसू आलं. ती गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"शोभताय अगदी," त्या म्हणाल्या. "अहो, साबण दाबा त्या भोकात. ठसा निघेल."

"साबण?"

"किल्ल्या कशा काढतात मग लोक?"

लेथवाला म्हणाला, "मावशी, हे तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या सासूबाईंच्या कमरेला फराळाच्या कपाटाची किल्ली असायची. त्या झोपल्या की मला भूक लागायची. अजून काही विचारायचंय?"

मी साबणाच्या वड्या घेऊन बसने गॅरेजवर गेलो. मिस्त्री मला बघून पुढे आला, पण मोकळा बोलेना. चहा मागवला, घरचं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "मालक, माझ्याकडून एक चूक झालीय."

त्याने मला चाकाजवळ नेलं. आठातल्या एका बोल्टचे दात उडून भोक गोल झालं होतं.

"तुम्ही परत याल तेव्हा गाडी उभी असावी असं वाटलं," तो म्हणाला. "माझ्याकडे सहा दातांचा आहे. घातला तर बसला बरोबर. वाटलं, हाच असणार. जोर लावला आणि आतल्या आत फिरला."

हेच या बोल्टचं वाईट आहे. सहा दातांचा पाना बारा दातांत बसतो, हाताला घट्ट लागतो, आणि जोर दिला की दात खरवडून काढतो. माहीत नसलेला माणूस हमखास फसतो. मी सांगून गेलो होतो, हात लावू नका. पण त्याने कोणत्या मनाने हात लावला होता तेही दिसत होतं. मला त्याच्यावर ओरडता आलं नाही.

"गॅसने कापू का?" त्याने विचारलं. "अर्ध्या तासाचं काम. जागाही मोकळी होईल माझी."

"हब तापून वाकलं तर? बंबाचं हब दुसरं कुठे मिळायचं? मग गाडी भंगारातच."

"मग?"

मी खिशातून साबण काढला. त्याने आधी साबणाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. माणूस दुःखाने भ्रमिष्ट झाला, असंच त्याला वाटलं असणार.

पहिला ठसा भोकातच तुटला. मग भोकाला आतून तेलाचं बोट फिरवलं, साबण हातात धरून मऊ केला आणि अंगठ्याने हळूहळू दाबला. सरळ ओढून काढला तर बारा दात स्पष्ट उठलेले. असे तीन काढले आणि जेवणाच्या डब्यात कापसात ठेवून घरी आणले.

लेथवाला डबा उघडून म्हणाला, "हाच लावायचा की, दादा. बोल्ट निघेल आणि हातही धुऊन निघतील."

त्याने जुन्या शाफ्टचा तुकडा लेथवर चढवून गोल केला, साबणावरून खुणा घेतल्या आणि दात कानशीने उतरवले. दोन दिवस दुकानातली बाकीची कामं बाजूला राहिली. एका गिऱ्हाइकाने कुरकुर केली, तर म्हणाला, "वहिनींचं काम आहे, थांबा." मग पाना लालभडक तापवून तेलात विझवला. तेलाचा धूर सगळ्या गल्लीत झाला आणि सासूबाई पायरीवरून ओरडल्या, "जाळू नका हो, आमचा बंब तिकडे अडकलाय!"

मी आणि लेथवाला निघालो त्या दिवशी सासूबाई पिशवी घेऊन दारात तयार.

"तुम्ही कुठे?"

"बघू तरी लेकीने काय घेऊन ठेवलंय."

गॅरेजमध्ये मिस्त्रीने त्यांना उलट्या खोक्यावर बसवलं. लेथवाल्याने नवा पाना पहिल्या बोल्टमध्ये घातला. आत जाईना. त्याने तो काढला, दातांवरून कानस फिरवली, परत घातला, परत काढला. पुढच्या खेपेला वर हातोडीचा हलका ठोका दिला आणि पाना तळापर्यंत गेला.

मी पान्याच्या मुठीवर पाइप चढवला आणि अंगाचा भार दिला. काही हललं नाही. लेथवाल्यानेही हात लावला. पाइप वाकायला लागला.

"दात तुटतील," मिस्त्री म्हणाला.

"कुणाचे?" सासूबाईंनी विचारलं.

हसू आलं आणि हात सैल पडले. पुन्हा धरलं. या वेळी 'कट्ट' असा आवाज झाला आणि पाइप वीतभर खाली आला. मला वाटलं पाना तुटला. बघतो तर बोल्ट सुटला होता.

मग एकेक करत सात निघाले. आठवा, खराब झालेला, कशालाच दाद देईना. मिस्त्री म्हणाला, "हा माझा," आणि ड्रिल घेऊन बसला. त्याने बोल्टचं डोकंच पोखरून उडवलं, धीराने, हबला ओरखडा न पडू देता. डोकं गेल्यावर दांडा ओढला तर सहज बाहेर आला. मागे बोल्टचा खुंट राहिला होता. त्याच्यावरचा ताण गेला होता, तो बोटांनी फिरला.

दांडा खाली ठेवला तेव्हा सासूबाई उठून जवळ आल्या. ॲक्सलच्या नळीवर तेल आणि माती चढली होती. त्यांनी पदराने एक जागा पुसली. खाली लाल रंग होता.

"भांडून आणला असेल," त्या म्हणाल्या.

"भंगारवाला अजून घाबरतो."

त्या पुसत राहिल्या. तेल पदराला लागत होतं. मिस्त्रीने कापडाचा बोळा पुढे केला, तो त्यांनी हातात घेतला आणि पदरानेच पुसत राहिल्या. आम्ही तिघं उगाच आणलेल्या नव्या बेअरिंगच्या खोक्यावरचा नंबर वाचत उभे राहिलो.

नवं बेअरिंग बसलं. आठव्या भोकात सध्या साधा बोल्ट घातला आहे. येताना सासूबाई ट्रकच्या केबिनमध्ये चढल्या. खालून लेथवाला ढकलतोय आणि वरून मी ओढतोय. "याच्यापेक्षा तिसरा मजला बरा," त्या धापा टाकत म्हणाल्या. बसल्यावर मात्र घरापर्यंत खिडकीची काच वर करू दिली नाही.

ठरल्याप्रमाणे महिनाअखेर मेहुणा आला. दारात गाडी बघून त्याला खरंच आनंद झाला. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून पाहिली. मग आत येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, गाडी चालू झाली, उत्तम झालं. पण गाडी चालू म्हणजे तुम्ही बाहेर. मग आई?"

"दाराला कडी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला कडी लावता येते."

"रात्री काही झालं तर? ताईला दिवसा झालं, आणि तेव्हा निदान तू घरात होतीस."

त्याचं चुकत नव्हतं. गाडी नसती तर हे घर बंद झालं असतं, आणि गाडी असली की हे घर रात्री-बेरात्री त्यांच्या एकटीवर. बोल्ट काढण्याच्या नादात माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"मी हिला आत्ता नेत नाही," मेहुणा शेवटी म्हणाला. "पण तुम्ही काहीतरी ठरवा."

तो गेला. सासूबाईंनी पिशवीतले कपडे परत कपाटात लावले. म्हणजे त्यांनी पिशवी भरली होती, हे मला तेव्हा कळलं.

मंगळवारी मला माल भरायचा आहे. जवळची फेरी आहे, दोन रात्रींची. इस्त्रीवाली बाई झोपायला येते म्हणाली होती, पण तिची सून बाळंत होऊन घरी आली आहे, तिला निघता येईल असं दिसत नाही. लेथवाल्याच्या बायकोला मी अजून विचारलेलं नाही. मी नसताना रात्री सासूबाईंच्या सोबतीला कोण, हे अजून ठरायचं आहे.